वेंगुर्ल्याच्या वेळेनं

वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचा मार्ग गावाच्या पूर्वेला वीस-पंचवीस किलोमीटरवरून निघून जातो, मुंबई-गोवा महामार्गही तिकडूनच. कुडाळला किंवा सावंतवाडीला उतरायचं आणि एसटी धरायची. गोव्याला निघालेली माणसं वरच्या वर पुढे जातात आणि खाली समुद्राकाठी हे तालुक्याचं गाव आपापल्या कामात राहतं. फेब्रुवारीत मी कुडाळहून निघाले तेव्हा पिंगुळीनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूला फुलोरा होता, काही झाडांवर पहिल्या बिया लोंबत होत्या. गाडीत बाजाराला निघालेल्या बायका, शाळेतली मुलं आणि टपालाच्या पिशव्या. पर्यटक म्हणता येईल अशी मी एकटीच.

‘शांत गाव’ असं वेंगुर्ल्याबद्दल सगळेच म्हणतात. ही शांतता मुळातली नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरच्या गजबजलेल्या बंदरांत याची गणना होती. १६३७ मध्ये डच इथे आले. गोवा पोर्तुगिजांकडे होतं आणि डचांना त्यांचा व्यापार मोडायचा होता. गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून उभ्या राहणाऱ्या जहाजांना पाणी, धान्य, भाजी, बातम्या हे सगळं जवळून मिळायला हवं होतं. त्यासाठी विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी काढून त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. पुढे १८१२ मध्ये सावंतवाडीच्या राणीकडून बंदर इंग्रजांकडे गेलं. बेळगावला इंग्रजांची छावणी होती, तिचा समुद्राकडचा दरवाजा वेंगुर्लं झाला. घाटावरचा कापूस आणि धान्य बैलगाड्यांतून खाली यायचं, मुंबईचा माल वर जायचा. मग १८८०च्या दशकात मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे गेली आणि माल तिकडे वळला. प्रवासी आगबोटी पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या, त्याही थांबल्या. आज जी शांतता आपण भोगायला येतो ती या गावानं आपला व्यापार देऊन मिळवलेली आहे. म्हणून ती मला कधी रिकामी वाटली नाही.

बंदरावर संध्याकाळी बसलं की हे जास्त कळतं. बाजारातून सरळ रस्ता खाली समुद्राकडे जातो. एका बाजूला टेकडी, तिच्यावर दीपगृह, पायथ्याशी धक्का. धक्क्यावर मुलं गळ टाकून बसलेली असतात, बाजूला निवृत्त मंडळी. त्यातल्या एका आजोबांनी बोटीच्या दिवसांचं सांगितलं. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, पडाव तिला जाऊन भिडायचे आणि ट्रंका, पेटारे, पोरंबाळं एकेक करून उतरवून घ्यायचे. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी आला की बंदरावर उभं राहायला जागा नसायची. “तेवां मुंबय जवळ व्हती,” ते म्हणाले. आज मुंबई रेल्वेनं एका रात्रीवर आली आहे, आणि त्यांना ती तेव्हा जवळ वाटत होती. बोट थेट गावात यायची, एवढंच त्याचं कारण असावं.

डच वखार गावातच आहे. राज्य संरक्षित स्मारक आहे, पण मी पाहिली तेव्हा छप्पर नव्हतं आणि भिंतींत झाडांची मुळं शिरलेली होती. भिंती मात्र विलक्षण जाड. आतून फिरताना हे मालाचं कोठार होतं की किल्ला, असा प्रश्न पडतो, आणि त्या काळी या दोहोंत फारसा फरक नव्हता. इथून डच अधिकारी बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेमानं पत्रं पाठवत. विजापूरच्या दरबारात काय चाललंय, गोव्यात किती जहाजं आहेत, शिवाजी महाराजांच्या फौजा कुठवर आल्या आहेत, अशा बातम्या त्यांत असत. शिवकालाच्या इतिहासासाठी अभ्यासक आजही डच कागदांकडे वळतात. ज्या भिंतींच्या आत बसून हे लिहिलं गेलं त्या भिंती गावच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला दाखवायला हव्यात. तिथे एक नीट फलक, एक नकाशा आणि गवत काढलेली वाट एवढं झालं तरी पुष्कळ होईल. मला ही वास्तू पाहून हळहळ वाटली आणि ती लपवण्याचं कारण नाही.

वेंगुर्ल्यात काय करायचं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, गावाच्या वेळा पाळायच्या. इथे प्रत्येक गोष्टीची वेळ आहे आणि ती चुकली की ती गोष्ट दिसतच नाही.

पहिली वेळ पहाटेची, नवाबागची. गावाला लागून मांडवीची खाडी समुद्राला मिळते आणि तिथल्या वाळूच्या पट्टीवर नवाबाग ही मच्छीमारांची वस्ती आहे. खाडीवर आता झुलता पूल झाला आहे. लोक तिथे फोटो काढायला जातात, पण पूल उजाडताना ओलांडावा, कारण पलीकडे तेव्हा रापण ओढली जात असते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. होडी त्याचं एक टोक घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ घालून परत येते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं दोन रांगांत उभी राहतात आणि ओढत ओढत एकमेकांजवळ येतात. त्यात म्हातारे असतात, शाळकरी मुलंही. रापण संघाची असते, मिळकतीचे वाटे पडतात. गाबीत समाजानं ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. मी दोराजवळ उभी होते, तर एका बाईनं हाक मारली, “ताई, वायच हात लावा!” मी लावला. दोर ओला, खरखरीत आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जड. जाळं वाळूवर आलं तेव्हा त्यात तारली, पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन मोडुसे आणि भरपूर जेलीफिश. मी निघाले तेव्हा कुणीतरी चार बांगडे पानात गुंडाळून हातावर ठेवले. दोराला हात लावणाऱ्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये, असा इथला रिवाज आहे.

त्या सकाळी जेवढं आलं तेवढ्यावर इतके वाटे कसे पडत असतील, हा विचार मनातून गेला नाही. रापणकऱ्यांचं म्हणणं स्पष्ट आहे. मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीनची जाळी टाकून थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलतात, काही जण रात्री एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडून मासे गोळा करतात, मग किनाऱ्यापर्यंत येणार काय? राज्यानं २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्रानं २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी सिंधुदुर्गात पारंपरिक मच्छीमारांची आंदोलनं थांबलेली नाहीत, कारण नियम कागदावर आहे आणि समुद्रावर गस्त अपुरी आहे, असं ते सांगतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत मासा अंडी घालतो. रापण मात्र किनारा सोडून फार दूर जातच नाही. तिच्या आवाक्याबाहेरचा समुद्र माशांना मोकळा राहतो. मला ही पद्धत जुनी म्हणून नव्हे तर शहाणी म्हणून टिकावी असं वाटतं, आणि इथे येणाऱ्या पाहुण्यानं ताटातली सुरमई मागवताना हे ठाऊक करून घ्यावं असंही वाटतं.

बाजाराची वेळ त्यानंतरची. मुंबईसारखंच वेंगुर्ल्यातही एक क्रॉफर्ड मार्केट आहे, इंग्रजी अमदानीतलं. मासे, भाजी, सुकी मासळी, कोकमं, आणि फेब्रुवारी असेल तर ओले काजूगर. ओले गर विकणाऱ्या बायकांच्या बोटांकडे बघावं. ओल्या बीच्या टरफलातला चीक कातडी जाळतो, बोटांची सालं निघतात. गर महाग का, याचं उत्तर तिथेच मिळतं. त्याची उसळ खोबऱ्याच्या वाटपात होते आणि माझ्या मते कोकणातल्या शाकाहारी पदार्थांत तिच्या वर कोणी नाही. मासे खाणाऱ्यांनी बांगड्याचं तिखलं मागावं, तिरफळ घातलेलं. न खाणाऱ्यांनी काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि आंबोळी. सकाळी घावणे. कुणा घरी पाहुणचार झालाच तर खापरोळ्या मिळतील. जाड, सच्छिद्र, गुळाच्या नारळरसात बुडवलेल्या. त्या हॉटेलात शोधायला जाऊ नये. मी ज्या घरी उतरले होते तिथल्या वहिनींनी आदल्या दिवशीच पीठ भिजवलं होतं.

दुपारी गाव मिटतं. दुकानांच्या फळ्या लागतात, रस्त्यावर कुत्रीदेखील दिसत नाहीत. या वेळात नगर वाचनालयात जावं. वेंगुर्ल्यानं मराठीला किती दिलं याची यादी करायला बसलं तर दुपार पुरत नाही. मंगेश पाडगावकर १९२९ मध्ये इथेच जन्मले. आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, यांचा जन्म १९३०चा, याच तालुक्यातल्या बागलांच्या राईतला. एका वर्षाच्या आणि काही मैलांच्या अंतरावर जन्मलेले हे दोन कवी. एकाच्या कवितेत पाऊस उत्सव होऊन येतो, दुसऱ्याच्या कवितेत तोच पाऊस काळोख घेऊन येतो. माड, पोफळी, घरामागचं दाट रान हे दोघांनाही तेच मिळालं होतं. गावाबाहेर रस्ता आडवळणाला शिरला की भर दुपारी अंधारतं. तिथे उभं राहिल्यावर खानोलकर मला पूर्वीपेक्षा जवळचे वाटले.

जवळच सेंट ल्यूक हॉस्पिटल आहे, अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेलं. तिथल्या डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा भारतातला राजदूत म्हणून परतला. एवढ्याशा गावातून जगाकडे किती वाटा फुटल्या होत्या, हे अशा नोंदींतून उमगतं. त्या सगळ्या बंदरातूनच निघालेल्या होत्या.

ऊन उतरलं की मांडवी. खाडीतल्या कांदळवनात होडीनं फिरवून आणायचं काम ‘स्वामिनी’ या बचत गटाच्या बायका करतात. वल्ही त्यांच्याच हातात. मला घेऊन गेलेल्या दोघी मासे विकणाऱ्या घरातल्या होत्या. त्यांनी तिवर, कांदळ, चिप्पी ही झाडं वेगळी कशी ओळखायची ते पान हातात देऊन दाखवलं. तिवराच्या पानाची खालची बाजू चाटून पाहा म्हणाल्या. खारट लागते, झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेले टोकदार खुंट ही मुळंच, चिखलात हवा नसते म्हणून श्वासासाठी वर आलेली. कांदळाची शेंग झाडावरच रुजते आणि भाल्यासारखी खाली चिखलात रुतते. वाटेत खंड्या दिसला, एक बगळा आमच्याकडे ढुंकूनही न पाहता उभा होता. या बायकांना हे सगळं लहानपणापासून दिसत होतंच. नावं आणि कारणं त्यांनी मोठेपणी शिकून घेतली, पाहुण्यांसमोर बोलायचा धीर गोळा केला. “पयले आमका लाज वाटायची,” वल्हं मारता मारता एक जण म्हणाली, “आता लोकच आमका इचारतत.” वेंगुर्ल्यात एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करावी. ओहोटीला पाणी उतरतं, म्हणून निघण्याची वेळ त्यांना विचारूनच ठरवावी.

उत्तरेकडे वायंगणीचा किनारा आहे. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. पूर्वी ही अंडी खाल्ली किंवा विकली जायची. आता गावकरी ती उचलून कुंपणात पुरतात, पहारा देतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. पिल्लं सोडायची वेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर. त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, त्यांना हात लावायचा नाही, बॅटरीचा झोत मारायचा नाही. पिल्लू समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेनं चालतं, खोट्या दिव्यानं ते उलटं फिरतं. किनाऱ्यालगत बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक हॉटेलच्या मालकाला हे सांगायला हवं.

स्वच्छ हवा असेल तर बंदरावरून दूर पाण्यात खडक दिसतात. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी लाळेनं घरटं बांधते आणि त्या घरट्यांना पूर्व आशियात सुपासाठी भरमसाट किंमत येते. त्यापायी इथून घरट्यांची तस्करी चालली होती. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती उजेडात आणली. खडकांवर जायचा हट्ट कुणी धरू नये. लांबून पाहावं.

एक सबंध दिवस दक्षिणेकडच्या वाटेसाठी ठेवावा. मोचेमाडचा घाट उतरताना एका वळणावर खाडी, माडांची बनं आणि समुद्र एकदम समोर येतात, तिथे थांबावंच लागतं. पुढे आरवली. वेतोबाचं देऊळ. हा देव रात्री गावाच्या राखणीला पायी फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नवस फेडणारे त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा आणि केळ्यांचा घड वाहतात. देवळात त्या वहाणा ओळीनं मांडलेल्या असतात. मूर्ती माणसाहून कितीतरी उंच. आताची पंचधातूची आहे, आधीची फणसाच्या लाकडाची होती, म्हणून इथले लोक फणसाचं लाकूड घरासाठी वापरत नाहीत. जयवंत दळवींचं हे गाव. ‘सारे प्रवासी घडीचे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना देवळाच्या आवारात उभं राहिल्यावर ओळखीची माणसं भेटल्यासारखं होईल. दळवींनी गावाला गोड करून सांगितलं नाही. तिथलं दारिद्र्य, हेवेदावे, वेड, एकटेपण सगळं लिहिलं आणि तरी त्या माणसांवरचं त्यांचं प्रेम वाचकाला लागलं.

आरवलीला चिकटून शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० मध्ये इथे शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या या गावात लिहिल्या गेल्या. त्याच काळात, १९३० च्या मे महिन्यात, शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. महाराष्ट्रभरातून स्वयंसेवक आले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. मिठागरं अजून दिसतात, चौकोनी वाफ्यांत पाणी आटत असतं आणि कडेला पांढरे ढीग. सत्याग्रहाची ही जागा ठाऊक नसलेले कितीतरी लोक पुढे वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात जाऊन बसतात. मीही बसले, तिथली वाळू आणि सावली दोन्ही सुंदर आहेत. याच किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेलसाठी घेतलेल्या जमिनीवरून गावकरी आणि शासन यांच्यात अनेक वर्षं वाद चालला. तिथे चहा देणाऱ्या काकांना मी त्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, “हॉटेल येवंदे, पण आमच्या माडाक पाणी पुरूक होया.”

रेडीला खाणीत १९७६ मध्ये सापडलेल्या द्विभुज गणपतीचं देऊळ आहे, यशवंतगड आहे, आणि लोहखनिजाच्या खाणींनी लाल झालेली माती. त्यापुढे तेरेखोलची खाडी. खाडीच्या अलीकडे, आपल्याच बाजूला, तेरेखोलचा किल्ला, पण तो गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड अफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला होता. फेरीबोटीनं पलीकडे केरीला उतरलं की दहा मिनिटांत वेगळं जग सुरू होतं. मी पलीकडे गेले नाही, अलीकडूनच परतले.

या सगळ्या वाटेवर आता खुणा दिसू लागल्या आहेत. याच तालुक्यात चिपीला २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाला. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची चर्चा बाजारात, एसटीत, देवळात सगळीकडे आहे. ज्या गावानं एकदा रस्त्यापायी आणि रेल्वेपायी बंदर गमावलं, त्या गावाकडे रस्ता परत येतो आहे. त्याला नको म्हणण्याचा हक्क माझ्यासारख्या चार दिवसांच्या पाहुणीला नाही. इथल्या मुलांना कामासाठी मुंबई-गोवा गाठावं लागतं, दवाखान्यासाठीही लांब जावं लागतं. मागायचंच झालं तर एवढंच मागेन की रस्ता येताना कांदळवन, रापणीची वाळू आणि कासवांचा किनारा वाचवून यावा. नगरपालिकेनं कचऱ्याच्या बाबतीत जे केलं ते पाहिल्यावर ही आशा भाबडी वाटत नाही. घराघरातून वेगळा केलेला कचरा इथे आणखी निवडला जातो, ओल्याचं खत होतं, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात जातं, आणि जिथे दुर्गंधीमुळे कुणी फिरकत नसे तो कचरा डेपो आता बागेसारखा झाला आहे. बाहेरगावची माणसं तो मुद्दाम पाहायला येतात. पर्यटनस्थळांच्या यादीत कचरा डेपो असणारं गाव मला दुसरं ठाऊक नाही.

फळ संशोधन केंद्राचाही उल्लेख करायलाच हवा. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा इथेच तयार झाला, १९८१ मध्ये तो शेतकऱ्यांना दिला गेला. पुढे ‘सिंधू’, ज्याची कोय कागदासारखी पातळ. पण कोकणाचं अर्थकारण हलवलं ते ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूंनी. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमं आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. काजूचं झाड मुळात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेलं. गोव्यात त्याच्या बोंडूपासून फेणी होते, इथे मात्र बहुतेक बोंडू झाडाखालीच कुजतात. फळाचा एवढा मोठा भाग दरवर्षी मातीत जातो याची खंत तिथल्या माळीदादांनी बोलून दाखवली. काजू घ्यायचे तर गावातल्या एखाद्या कारखान्यातून घ्यावेत आणि घेण्याआधी आत जाऊन पाहावं. बी वाफवली जाते, एकेक फोडली जाते, गर वाळवून त्याची साल काढली जाते आणि मग प्रत. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशे वीस गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. हे सगळं काम बायका करतात. बोटांना चिकापासून वाचवायला तेल किंवा राख लावतात.

आणि शेवटची वेळ मध्यरात्रीची. कार्तिकापासून पावसापर्यंत या तालुक्यात कुठल्या ना कुठल्या देवळात जत्रा, वर्धापनदिन, पूजा असते आणि तिथे दशावतार असतो. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी मंडळांची नावं आणि प्रत्येकाचे कट्टर चाहते. मी गेले त्या वाडीत अकराच्या पुढे पालखीची प्रदक्षिणा झाली, खाज्याच्या आणि भज्यांच्या दुकानांपुढे गर्दी होती, बाया-माणसं गोधड्या घेऊन जागा धरून बसलेली. रंगमंचावर पडदा आणि एक लाकडी बाक, बाकी काही नाही. तो बाक सिंहासन होतो, रथ होतो, पलंग होतो. आधी गणपती येतो, मग सरस्वती, मग काळा पोशाख चढवलेला संकासुर मालवणीतून गावच्या राजकारणावर बोलायला लागतो आणि मंडप हसून डोलतो. त्यानंतर आख्यान. लिखित संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद तिथल्या तिथे. हार्मोनियम, पखवाज, झांज. दोन राजे भरजरी मुकुट घालून धर्म-अधर्मावर भिडले तेव्हा त्यांची शुद्ध, संस्कृतप्रचुर भाषा ऐकून मी थक्क झाले. मध्यंतरात रंगपटात डोकावले, तर त्यातला एक राजा बिडी ओढत शेजाऱ्याला आपल्या काजूच्या बागेत फवारणी कधी करायची ते विचारत होता. दुसरा रिक्षा चालवतो असं कळलं. राणीचं काम करणारा तरुण आरशाच्या तुकड्यात बघून काजळ नीट करत होता आणि कुणीतरी त्याला चहा आणून देत होतं.

पहाटे दहीकाला झाला. काल्याचा एक घास माझ्याही हातावर आला. नटांनी तोंडं धुतली, मुकुट पेटाऱ्यात गेले, पेटारे टेम्पोत चढले. कुणीतरी ओरडून विचारलं, “फाल्यां खंय?” टेम्पोच्या मागून गावाचं नाव आलं, लगेच त्या गावच्या दोघा बायकांनी आपलं घर जवळच आहे, जेवायला या, असं मंडळींना बजावलं. मग मीही त्यांच्याकडे वळून वाट विचारून घेतली.